पुण्याहून मुंबई विमानतळ: पूर्ण गाडी करावी की शेअरिंगने जावं?

परदेशी सहलीची तिकिटं निघतात, व्हिसा येतो, माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात आणि शेवटच्या आठवड्यात घरात प्रश्न निघतो, "मुंबईपर्यंत जायचं कसं?" लोहगावहून थेट परदेशी जाणारी विमानं मोजकीच आहेत. त्यामुळे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि सातारा-सोलापूरकडच्या बहुतेकांना मुंबई गाठावीच लागते. पहिल्यांदा जाणारी मंडळी दोन-तीन ट्रॅव्हल्सना फोन लावतात, जो कमी भाडं सांगेल त्याची गाडी ठरवतात आणि जाता-येता दोन्हीकडचं बुकिंग एकदमच करून टाकतात.

हे एकदम बुकिंग करणंच मला पटत नाही. जाताना गाडीला उशीर झाला तर विमान चुकतं. येताना उशीर झाला तर झोप बुडते आणि चिडचिड होते, पण नुकसान तिथेच थांबतं. दोन्ही वेळची जोखीम इतकी वेगळी असताना निर्णयही वेगवेगळा घ्यायला हवा. जाताना पूर्ण गाडी आणि येताना शेअरिंग, असं कितीतरी घरांना सोयीचं पडतं. तुमच्या घराला काय सोयीचं पडेल, ते पुढच्या पायऱ्यांनी ठरवा.

आधी विमानतळ आणि तारीख पक्की करा

गाडीवाल्याला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" सांगू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाची दोन टर्मिनलं आहेत आणि ती एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. तिथली परदेशी विमानं सगळी टी टू वरून, म्हणजे सहारच्या टर्मिनलवरून सुटतात. देशांतर्गत विमान मात्र टी वन वरून असेल किंवा टी टू वरूनही असेल. आधी दिल्ली किंवा कोची आणि तिथून पुढे परदेश, असं तिकीट असेल तर पहिलं विमान कोणत्या टर्मिनलवरून आहे ते नीट बघा.

त्यात आता नवी मुंबईचा विमानतळ आहे. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं सुटू लागली. तिकिटावर दोन्हीकडे "मुंबई" हा शब्द दिसू शकतो, म्हणून त्याच्या शेजारची तीन अक्षरं वाचा. बीओएम असेल तर जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा. पुण्याहून येणाऱ्याला नवी मुंबईचा विमानतळ बराच अलीकडे पडतो, वाशीचा खाडीपूल ओलांडावाच लागत नाही. त्यामुळे भाडं आणि वेळ दोन्ही बदलतात. शेअरिंगच्या गाडीत बाकीचे पाच जण सहारचे आणि तुम्ही एकटे नवी मुंबईचे असाल तर ते बुकिंग करतानाच बोलून घ्या.

तारखेचा घोळ याहून घातक. मुंबईहून बरीच परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 14 तारीख आणि वेळ 02:30 असेल, तर घर 13 तारखेच्या दुपारी किंवा संध्याकाळी सोडायचं असतं. गाडीवाल्याला "14 ची गाडी हवी" एवढंच सांगितलं तर तो 14 तारखेच्या संध्याकाळी दारात येईल, आणि तोवर विमान जाऊन बारा तास उलटलेले असतील. म्हणून तारीख, वार आणि वेळ तिन्ही व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: "13 तारीख, रविवार, संध्याकाळी 5:30 ला घरून निघायचं. विमान रविवारच्या रात्री, म्हणजे सोमवारी पहाटे 2:30 ला." असं लिहिलं की समोरच्याकडूनही चूक होत नाही.

वेळेचा हिशोब शेवटापासून मांडा

हेच सोमवारी पहाटे 2:30 चं विमान धरू. परदेशी विमानाचे चेक-इन काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या 60 ते 75 मिनिटं आधी बंद होतात. तुमच्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटात लिहिलेली असते. म्हणजे सव्वा वाजल्यानंतर बॅग कोणी घेईल याची खात्री नाही. सुट्टीच्या दिवसांत काउंटरपुढची रांग, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी हे सगळं धरून टी टू च्या दाराशी रात्री 11 ला पोचायचं असं ठरवा.

कोथरूडहून टी टू ला रस्ता मोकळा असताना साडेतीन तास धरावेत. म्हणजे साडेसात. पण दिवस रविवार आहे. लोणावळा-खंडाळ्याला आलेली मुंबईची मंडळी रविवारी संध्याकाळीच परत निघतात आणि घाटात गाड्यांची रांग लागते. पुढे सायन-पनवेल रस्त्यावर आणि मानखुर्द-चेंबूरला तीच गर्दी पुन्हा भेटते. त्यासाठी दीड तास जास्त. आले सहा. पंक्चर, टोलनाका, चहा आणि लघवीला थांबणं यासाठी अर्धा तास. साडेपाच वाजता गाडी तुमच्या दारातून हलली पाहिजे.

ही वेळ पूर्ण गाडीची झाली. शेअरिंगमध्ये बाकीच्यांना घ्यायला गाडी पुण्यातच तासभर फिरते, कधी दीड तासही. म्हणजे चार वाजता तयार राहायचं. शेअरिंगवाला "सहाला पिकअप" म्हणाला तर "टी टू ला किती वाजता सोडणार?" हा प्रश्न विचारा. त्याचं उत्तर तुमच्या 11 शी जुळलं नाही तर ती सीट तुमच्या उपयोगाची नाही, मग भाडं कितीही कमी असो.

काही दिवस तर वेगळेच मोजावे लागतात. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, कधी दरड येते. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून एक्सप्रेसवेची वाहतूक कोलमडली होती. गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कोकणात निघालेल्या गाड्यांनी पनवेल भरून जातं. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या पेठांमधले रस्ते बंद असतात, तिथे दारापर्यंत कोणतीच गाडी येत नाही. पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी आकुर्डी-पिंपरीकडचा जुना महामार्ग आणि शहरातले रस्ते वळवलेले असतात. यातला एखादा दिवस तुमच्या प्रवासाचा असेल तर आदल्या दिवशी पेपरात किंवा वाहतूक पोलिसांच्या सूचनांत रस्त्यांचे बदल वाचून घ्या. आणि अशा दिवशी जाताना शेअरिंगचा विचारच करू नका. वाटेत रस्ता बंद निघाला तर पूर्ण गाडी लगेच वळवता येते. शेअरिंगच्या गाडीला मात्र दोन गल्ल्या पलीकडच्या प्रवाशासाठी थांबावंच लागतं.

तुमचं घर पुण्यात कुठे आहे?

शेअरिंग परवडतं की नाही हे पुष्कळदा घराच्या पत्त्यावर ठरतं. एक्सप्रेसवे सुरू होतो किवळ्याला, देहूरोडच्या बाजूला. गाडी शहरातून माणसं गोळा करत त्या दिशेने जाते. त्यामुळे हडपसर, खराडी, कोंढवा इथला प्रवासी बहुधा सगळ्यात आधी गाडीत बसतो, मग स्वारगेट, कोथरूड, औंध करत शेवटी वाकड किंवा निगडी. हडपसरचा माणूस वाकडला पोचेपर्यंत त्याचा तास-दीड तास गेलेला असतो आणि तो अजून पुण्यातच असतो.

वाकड, बाणेर, रावेत, निगडी या भागांत राहणाऱ्यांना मात्र शेअरिंग खरंच फायद्याचं आहे. गाडी त्यांच्याकडे शेवटी येते आणि तिथून सरळ एक्सप्रेसवेला लागते. पूर्ण गाडीच्या तुलनेत त्यांचा वेळ फारसा जात नाही आणि पैसे निम्म्याहून जास्त वाचतात.

हडपसर-खराडीच्या एकट्या प्रवाशाला एक मधला मार्ग आहे. घरून पिकअप न घेता रिक्षाने किंवा कॅबने वाकड पुलापर्यंत यायचं आणि तिथून गाडीत बसायचं. अगोदर सांगितलं तर शेअरिंगवाले याला सहसा तयार असतात, त्यांचाही फेरा वाचतो. फक्त वाकड पुलाखाली नेमकं कुठे उभं राहायचं ते ठरवून घ्या. तिथे बस, खासगी ट्रॅव्हल्स आणि रिक्षा यांची एवढी दाटी असते की फोनवर "मी पुलाखाली उभा आहे" म्हणून काही कळत नाही.

माणसं, बॅगा आणि डिकी

भाडं ठरवताना सगळे माणसं मोजतात, बॅगा मोजायच्या राहून जातात. आज भाड्याने धावणाऱ्या पुष्कळ सेडान गाड्या सीएनजीवर आहेत आणि टाकी डिकीतच बसवलेली असते. डिकी उघडून बघितलीत तर आडवी टाकी आणि तिच्यापुढे जेमतेम एक मोठी बॅग आडवी बसेल एवढी जागा दिसते. चौघांचं कुटुंब, दोन मोठ्या बॅगा आणि दोन केबिन बॅगा म्हटल्यावर उरलेल्या बॅगा मांडीवर येतात. चार तास मांडीवर बॅग घेऊन बसणं लहान मुलांना तर शक्यच नाही. काही नव्या गाड्यांत टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवलेली असते, पण तुमच्या वाट्याला तीच गाडी येईल याचा भरवसा नाही.

म्हणून बुकिंगच्या वेळी सरळ सांगा, "आम्ही चार जण, दोन मोठ्या बॅगा, दोन छोट्या. डिकीत टाकी आहे का?" टाकी असेल तर अर्टिगासारखी मोठी गाडी मागा. तिच्यातही सगळ्यात मागची सीट उघडी ठेवली तर मागे सामानाला फार थोडी जागा उरते. म्हणजे चौघं असाल तर मागची सीट पाडून सामान, सहा जण असाल तर टपावर कॅरियर. कॅरियर असेल तर दोर आणि ताडपत्री गाडीत आहे का ते विचारा, विशेषतः जून ते सप्टेंबर. पावसात भिजलेली बॅग तशीच विमानात चढते आणि आतले कपडे ओले होऊन निघतात.

शेअरिंगमध्ये प्रत्येकाला किती सामान चालतं हे ठरलेलं असतं, बहुधा एक मोठी आणि एक छोटी. परदेशात शिकायला चाललेला मुलगा दोन-तीन मोठ्या बॅगा घेऊन निघतो. त्याच्या जास्तीच्या बॅगेचे पैसे वेगळे लागतात, नाहीतर ऐनवेळी वाद होतो. असा मुलगा किंवा मुलगी घरातून पहिल्यांदाच निघत असेल तर मी एकच सांगेन: पूर्ण गाडी करा आणि आईवडिलांनी सोडायला जा. गाडीच्या भाड्यात तुमचा परतीचा प्रवासही बसवून घेता येतो.

घरात ज्येष्ठ असतील तर तिथेही माझं मत पक्कं आहे. मधुमेह असलेल्यांना, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना दर तासाला थांबावं लागू शकतं. शेअरिंगची गाडी वाटेत एकदाच फूड मॉलला थांबते. अनोळखी पाच जणांसमोर "गाडी थांबवा" म्हणायचा संकोच होतो म्हणून आजी-आजोबा सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि विमानात बसायच्या आधीच थकून जातात. घाटात उलटी होणाऱ्या मुलांचंही तसंच. अशा वेळी पूर्ण गाडीचे जास्तीचे पैसे डोळे मिटून द्यावेत.

पैशाचा हिशोब

दर हंगामाप्रमाणे, गाडीप्रमाणे आणि रात्र-दिवसाप्रमाणे बदलतात. पद्धत समजावी म्हणून समजा, पूर्ण सेडान टोलसह 3,500 रुपये आणि शेअरिंगची सीट 1,000 रुपये. एकट्याचे 2,500 रुपये वाचतात, म्हणजे शेअरिंगचा विचार करण्यासारखा आहे. दोघांचे 1,500 वाचतात. इथे घराचा पत्ता आणि वार बघून ठरवा. तिघांचे जेमतेम 500 वाचतात आणि त्यासाठी दीड-दोन तास जास्त बसावं लागतं. त्यामुळे तिघं किंवा जास्त असाल तर पूर्ण गाडी, यात मला तरी दुसरा विचार दिसत नाही.

भाडं विचारताना "सगळं धरून किती?" हा प्रश्न विचारा. टोल, पार्किंग, रात्रीचा भत्ता आणि रिकाम्या परतीचं भाडं यांतलं काहीतरी मागाहून निघतं. एप्रिल 2023 पासून एक्सप्रेसवेचा मोटारीचा टोल एका बाजूला 320 रुपये झाला. मुंबईत शिरताना वाशीच्या नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही. तरीही कोणी "वाशीचा टोल" म्हणून पैसे लावत असेल तर पावती मागा. आगाऊ रक्कम थोडीच द्या, बाकीचे टर्मिनलला उतरल्यावर. पूर्ण भाडं आधीच मागणारा अनोळखी गाडीवाला असेल तर दुसरा शोधा.

एकट्याने, कमी सामान घेऊन आणि दिवसाउजेडी जाणाऱ्यासाठी आणखी एक चांगली सोय आता झाली आहे. पुण्याहून रेल्वेने दादर किंवा सीएसएमटी गाठायचं आणि तिथून भुयारी मेट्रो 3 ने थेट टी टू. ऑक्टोबर 2025 मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. टी वन आणि टी टू दोन्हीला या मेट्रोची स्वतंत्र स्थानकं आहेत. घाटातल्या गर्दीशी आणि चेंबूरच्या सिग्नलशी काही संबंधच उरत नाही. दादरला मात्र मेट्रो पश्चिमेला आहे, बॅग घेऊन पुलावरून जावं लागतं. मेट्रो रात्रभर चालत नाही, म्हणून मध्यरात्रीच्या विमानासाठीही संध्याकाळीच पोचायचं ठेवा. चार बॅगा आणि दोन मुलं असतील तर या वाटेला जाऊ नका.

फोनवर काय विचारायचं

शेअरिंगची सीट ठरवताना बोलणं साधारण असं व्हावं:

"दादा, गाडीत सगळे एअरपोर्टचेच आहेत ना?"
"नाही मॅडम, दोघं अंधेरीचे आहेत."
"मग आधी कोणाला सोडणार?"
"तुम्हाला. त्यांना मग सोडतो."
"तेवढं मेसेजमध्ये लिहून पाठवा."

हे लिहून घेणं महत्त्वाचं आहे. शहरातल्या पत्त्यावर जाणारे प्रवासी गाडीत असतील तर कोणाला आधी सोडायचं यावर तुमचा अर्धा-पाऊण तास अवलंबून असतो. गाडीत किती जण असतील आणि तुमची सीट कुठली, हेही विचारा. सगळ्यात मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे आखडतात. एखादा प्रवासी वेळेवर खाली आला नाही तर त्याच्यासाठी किती मिनिटं थांबणार, आणि सीट भरल्या नाहीत तर फेरी रद्द तर होणार नाही ना, हे दोन प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. ते आवर्जून विचारा. प्रवासी कमी पडले की दोन फेऱ्या एकत्र करून वेळ पुढे ढकलण्याचे प्रकार होतात.

पूर्ण गाडी ठरवताना गॅस भरण्याचं बोला. "गॅस भरूनच या" हे वाक्य विसरू नका. पंपावर सीएनजीची रांग लागलेली असेल तर अर्धा तास सहज जातो, आणि भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरावं लागतं. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन पंपावर उभं राहायची वेळ येऊ नये.

गाडीच्या नंबराची पाटी बघा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते, तिला भाड्याने प्रवासी न्यायचा परवाना नसतो. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. "ओळखीतला आहे, स्वस्तात सोडेल" असं कोणी म्हणालं तरी एवढ्या लांबच्या, रात्रीच्या प्रवासाला पांढऱ्या पाटीची भाड्याची गाडी घेऊ नका.

निघायच्या दिवशी

ड्रायव्हरचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर दोन-तीन तास आधी तुमच्याकडे आला पाहिजे. नाही आला तर फोन करा. तासभर आधीपर्यंतही उत्तर मिळत नसेल तर वाट बघत बसू नका, दुसरी गाडी शोधायला लागा. दुसऱ्या एका ट्रॅव्हल्सचा नंबर आधीच काढून ठेवलेला असला की धांदल होत नाही.

गाडीत बसण्यापूर्वी पासपोर्ट हातात घेऊन बघा. बॅगेत "ठेवलाय" एवढ्यावर भागवू नका. पूर्ण गाडी असेल तर औंधहून परत फिरता येतं. शेअरिंगमध्ये तुमच्यासाठी कोणी मागे फिरणार नाही. बाई एकटी शेअरिंगने जाणार असेल तर गाडीच्या नंबराचा फोटो आणि लाइव्ह लोकेशन घरी पाठवून ठेवावं. मदत लागली तर 112.

आणि ड्रायव्हरशी दोन शब्द बोला. "दादा, आज सकाळपासून गाडीवरच आहात का?" हा प्रश्न आपुलकीने विचारला तर खरं उत्तर मिळतं. सकाळी एक मुंबई फेरी करून आलेला माणूस रात्री पुन्हा तुम्हाला घेऊन निघालेला असू शकतो. या धंद्यात फेऱ्यांवर कमाई असते, त्यामुळे तो स्वतःहून दमलोय असं म्हणणार नाही. उत्तर ऐकून काळजी वाटली तर ट्रॅव्हल्सला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागा. हे निघण्याआधीच करता येतं. वाटेत चहाला थांबवायला कंजुषी करू नका. उशीर झाला तरी "जरा दामटा" म्हणू नका. एक्सप्रेसवेवर मोटारींना सपाटीवर ताशी 100 किमीची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी, आणि कॅमेरे लावलेले आहेत. वेग वाढवून वाचतात ती दहा-पंधरा मिनिटं, तीही चेंबूरच्या सिग्नलवर परत जातात.

येताना

येताना मात्र शेअरिंगचं पारडं जड होतं, विशेषतः एकटे किंवा दोघं असाल तर. विमान चुकण्याची भीती नाही, घरी एक तास उशिरा पोचलात तरी बिघडत नाही. अडचण असते ती विमानतळावर थांबण्याची. शेअरिंगवाले वेगवेगळ्या विमानांनी उतरणारे प्रवासी एकत्र करतात. तुमचं विमान 1 ला उतरलं आणि दुसऱ्याचं अडीचला उतरणार असेल, तर गाडी तो बाहेर आल्यावरच निघते. म्हणून बुकिंग करताना "जास्तीत जास्त किती थांबावं लागेल?" हे विचारून ठेवा. दीड तासाच्या पुढे उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. उलट बाजूनेही विचारा: माझंच विमान लेट झालं तर सीट पुढच्या गाडीत मिळेल की पैसे बुडतील?

पूर्ण गाडी येताना बोलावली असेल तर विमानाचा नंबर देऊन ठेवा. ड्रायव्हर फोनवर बघत राहतो आणि विमान लेट असेल तर त्याप्रमाणे निघतो. विमान उतरल्यानंतर किती वेळ फुकट थांबेल आणि पुढे तासाला किती पैसे घेईल, हे आधी ठरलेलं असावं. बॅगा हातात आल्याशिवाय त्याला पार्किंगमध्ये बोलावू नका. पार्किंगची पावती शेवटी तुमच्याच बिलात येते आणि सुट्टीच्या हंगामात बॅगांच्या पट्ट्यावर तासभरही जाऊ शकतो. परदेशातलं सिम काढून आपलं सिम घातलेलं असू द्या, नाहीतर बाहेर येऊन कोणाचा तरी फोन मागायची वेळ येते.

बाहेर येताच "पुणे, पुणे" म्हणत लोक जवळ येतात. भाडं कमी सांगतील, बॅगेला हातही घालतील. त्यांच्यामागे जाऊ नका. बुकिंग केलेलं नसेल तर आतल्या प्रीपेड काउंटरवर किंवा अॅपवर बाहेरगावची गाडी करा. नंबर आणि पाटी जुळवूनच बसा.

परतीचा रस्ता बहुधा पहाटेचा असतो आणि पहाटे तीन ते पाच ही वेळ ड्रायव्हरसाठी सगळ्यात वाईट. मागे सगळे घोरत असतात, समोर सरळ रस्ता असतो. पूर्ण गाडी असो वा शेअरिंग, पुढच्या सीटवर बसलेल्याने जागं राहावं आणि अधूनमधून बोलत राहावं. घाट चढण्याआधी खालापूरच्या फूड मॉलला गाडी थांबवा, ड्रायव्हरला खाली उतरून तोंड धुवायला सांगा, चहा पाजा. त्याला डुलकी येतेय असं वाटलं तर वीस मिनिटं सीट मागे करून झोपू द्या. शेअरिंगमध्ये बाकीचे कुरकुरले तरी तुम्ही हे बोला. उतरताना सीटच्या खाली आणि डिकीत एकदा हात फिरवून बघा, बॅगा मोजा आणि मगच पैसे द्या. शेअरिंगमध्ये दोन काळ्या बॅगांची अदलाबदल घरी पोचल्यावरच लक्षात येते. म्हणून निघतानाच बॅगेच्या मुठीला रंगीत नाडी बांधून ठेवलेली बरी.